थरारकथा आणि व्हँपायर-कादंबऱ्या : वाचनालयातल्या वाचकाला पुढचे पुस्तक कोणते सुचवावे?

देवघेव-खिडकी, वडोदरा

सर्व जाणकारांना नमस्कार. वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात आमच्या मंडळाचे एक जुने मराठी वाचनालय आहे आणि संध्याकाळची पुस्तकांची देवघेव मी सांभाळते. सभासदांमध्ये निवृत्त मंडळी अधिक आहेत. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांच्या मालिका आणि सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या संगतीत त्यांची तरुणपणीची वर्षे गेली आहेत. ही पुस्तके त्यांची इतक्यांदा वाचून झाली आहेत की पहिले प्रकरण संपायच्या आत ते मला खुन्याचे नाव सांगतात, आणि तरीही पुस्तक परत करताना "आता तसलेच काहीतरी नवीन द्या" असे म्हणतात. "तसलेच" या शब्दात नेमके काय दडले आहे हे मला दर वेळी कळतेच असे नाही. अर्नाळकरांच्या एका चाहत्याला मी मोठ्या विश्वासाने एक गाजलेली अनुवादित कादंबरी दिली, तर "यात खुनी पहिल्याच पानावर सांगून टाकला आहे, मग पुढे वाचायचे तरी काय?" असे विचारत त्यांनी ती दुसऱ्याच दिवशी परत आणली.

दुसरीकडे अलीकडे महाविद्यालयीन मुली येऊ लागल्या आहेत. घरी मराठी बोलणाऱ्या, पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या या मुली व्हँपायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या, कादंबऱ्या मागतात. आमच्या भयकथांच्या कपाटात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यापलीकडे फारसे काही नाही. यंदा इंग्रजी पुस्तकांसाठी थोडी रक्कम मंजूर झाली आहे, पण ती संपली की पुढच्या मार्चअखेरीपर्यंत काही मागता येणार नाही, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी लागेल. त्यातच कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की रक्तपाताच्या करमणुकीवर सभासदांची वर्गणी खर्च करू नये.

थरारकथेच्या वाचकाची आवड दोन-चार प्रश्नांत कशी ओळखावी, आणि व्हँपायर-कादंबऱ्यांची खरेदी कोठून सुरू करावी, या दोन गोष्टींबद्दल कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त ग्रंथपाल

ताई, आपल्या अर्नाळकरप्रेमी सभासदांची तक्रार अगदी रास्त आहे आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. रहस्यकथा आणि थरारकथा ही दोन्ही पुस्तके आपण एकाच कपाटात ठेवतो, पण वाचकाला त्या दोन वेगवेगळ्या प्रकारे धरून ठेवतात. रहस्यकथेत घडून गेलेल्या गोष्टीचा उलगडा हवा असतो. थरारकथेत जे अजून घडायचे आहे ते टळेल की नाही याची धाकधूक असते. चित्रपट-दिग्दर्शक हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्याशी केलेल्या प्रदीर्घ संभाषणात हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने स्पष्ट केला होता. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तो टेबलाखाली आहे आणि अमुक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले, तर टेबलाशी बसलेल्यांच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात.

याचा सर्वांत चोख पुरावा म्हणजे फ्रेडरिक फोर्साइथ यांची 1971 सालची 'द डे ऑफ द जॅकल'. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येच्या कटाची ही कथा प्रसिद्ध झाली तेव्हा द गॉल यांना जाऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि ते मारेकऱ्याच्या हातून गेले नव्हते हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. कट फसणार हे माहीत असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण मारेकरी खोटी कागदपत्रे कशी मिळवतो, बंदूक कशी बनवून घेतो आणि पोलीस अधिकारी लेबेल त्याच्या किती जवळ पोहोचला आहे, यातच सारा जीव गुंतलेला असतो. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची 2005 सालची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' हीही त्याच जातीची. खून कोणी केला हे आरंभीच समजते, आणि लपवणारा गणितज्ञ व शोधणारा भौतिकशास्त्रज्ञ यांच्या बुद्धीची झुंज पुढे चालते. ज्यांना "कोणी केले?" हा प्रश्न हवा आहे त्यांच्या हाती ही पुस्तके पडली की रुसवा ठरलेलाच. अशांना अगाथा ख्रिस्ती यांचे 1926 सालचे 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' किंवा 1939 सालचे 'अँड देन देअर वेअर नन' द्यावे. सराईत वाचकाचाही अंदाज तेथे चुकतो आणि तो चुकल्याचा त्यांना आनंदच होतो.

आता काउंटरवर काय विचारावे ते सांगतो. "आपल्याला कोणता लेखक आवडतो?" हा प्रश्न मी माझ्या नोकरीच्या काळात जवळजवळ सोडून दिला होता, कारण वाचक सवयीने एकच नाव घेतात. त्याऐवजी "अलीकडे कोणते पुस्तक संपवल्यावाचून झोप लागली नाही, आणि त्यातले काय लक्षात राहिले?" असे विचारावे. उत्तरात वाचक काय सांगतो यापेक्षा कशाविषयी सांगतो याकडे कान द्यावा. पाठलाग आणि सुटका यांविषयी बोलणाऱ्याला वेग हवा असतो, त्याला ॲलिस्टर मॅक्लीन यांची 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' चालेल. घरातल्या संशयाविषयी, सासरच्या मोठ्या वाड्यातल्या एकटेपणाविषयी बोलणाऱ्या व्यक्तीला डॅफ्नी द्यू मॉरिए यांची 1938 सालची 'रिबेका' द्यावी. त्या कादंबरीत पाठलाग जवळजवळ नाहीच, दडपण मात्र पहिल्या पानापासून आहे. एखाद्या व्यवसायाची आतली माहिती आवडली असे सांगणाऱ्याला रॉबिन कुक यांची 1977 सालची 'कोमा' सुचवावी. त्यांच्या वैद्यकीय थरारकथांचे मराठी अनुवाद सहज मिळतात, त्यामुळे ज्येष्ठ सभासदांचीही सोय होईल.

अमेरिकेत जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांनी 1989 साली ग्रंथालयातील वाचक-मार्गदर्शनावर जे पुस्तक लिहिले त्यातही विषयापेक्षा कथेचा वेग, पात्रे, कथानकाची मांडणी आणि भोवतालचे वातावरण यांवरून पुढचे पुस्तक शोधण्याची पद्धत सांगितली आहे. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 सालीच प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे सूत्ररूपाने मांडले होते. कार्यकारिणीतील सदस्यांना हे सूत्र जरूर ऐकवावे. शिवाय आपण ज्या गावात आहात तेथे सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली आणि निवडलेल्या पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या, याचेही त्यांना स्मरण द्यायला हरकत नाही.

---

ट्रान्सिल्व्हेनियाची वारी

व्हँपायरच्या बाबतीत मी थोडा हक्काने लिहितो, कारण या प्रकाराचे वाचन माझ्या घरच्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी असाध्य म्हणून सोडून दिले आहे.

व्हँपायर हे एकच पात्र आहे असे समजून खरेदी केली तर पैसे वाया जातील. कोणी त्याला पाहून घाबरण्यासाठी वाचतो, कोणी त्याच्या प्रेमात पडण्यासाठी, तर कोणाला मरण नसलेल्या जिवाचे दुःख समजून घ्यायचे असते. भीतीच्या वाचकाला प्रेमकथा दिली की तो हसतो, आणि प्रेमकथेच्या वाचकाला भीती दिली की पुस्तक तिसऱ्या प्रकरणात मिटते. म्हणून निवृत्त ग्रंथपालांचाच प्रश्न येथे थोडा बदलून विचारावा : "या कथेतल्या व्हँपायरपासून तुम्हाला पळायचे आहे की त्याच्याजवळ बसायचे आहे?" मुली हसतील, पण उत्तर खरे देतील.

पळायचे असेल तर ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला'ला पर्याय नाही, आणि तोही संक्षिप्त न घेता पूर्ण घ्यावा. चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला दोन धक्के बसतात. पहिला म्हणजे उन्हाने भस्म होणारा व्हँपायर या पुस्तकात नाही. स्टोकर यांचा काउंट ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी झालेली असते. सूर्यप्रकाशाने मरण्याची कल्पना 1922 सालच्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातून रुजली. दुसरा धक्का अधिक मोलाचा आहे. सारी कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवरील नोंदी यांतून उलगडते. पहिली चार प्रकरणे जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातील रोजनिशी आहे. त्यानंतर कथा इंग्लंडला जाते आणि लूसी नावाची मुलगी दिवसेंदिवस फिकी पडत जाते. तिच्या भोवतालच्या कोणीही हार्करची रोजनिशी वाचलेली नाही, आपण मात्र वाचलेली आहे. वर सांगितलेला टेबलाखालचा बॉम्ब तो हाच, आणि स्टोकर यांनी तो हिचकॉक यांच्या जन्माआधी दोन वर्षे ठेवून दिला होता! लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापन पाहणाऱ्या माणसाला प्रेक्षकांना ताटकळत कसे ठेवावे हे कळत असणारच.

'ड्रॅक्युला'च्या जाडीला कोणी बिचकत असेल तर शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' द्यावी. ती त्याच्याही पंचवीस वर्षे आधीची, 1872 सालच्या त्यांच्या संग्रहात आलेली दीर्घकथा आहे. निर्जन किल्ल्यात राहणारी एक एकटी मुलगी, अपघाताने घरी आलेली देखणी पाहुणी आणि दोघींमधली विलक्षण ओढ एवढ्यावर ती उभी आहे, आणि दोन रात्रींत वाचून होते. त्याहून मागे गेले तर 1819 साली प्रसिद्ध झालेली जॉन पॉलिडोरी यांची 'द व्हँपायर' आहे. 1816 साली जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने अडकलेल्या ज्या मंडळींमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'चा जन्म झाला, त्याच मंडळींत या कथेचेही मूळ आहे. मात्र ती अभ्यासकांनी वाचावी, सभासदांच्या गळ्यात घालू नये. या तिन्ही पुस्तकांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले असल्यामुळे स्वस्त आवृत्त्या मिळतात.

जवळ बसायचे असणाऱ्यांसाठी ॲन राइस यांची 1976 सालची 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' आहे. तेथे व्हँपायर स्वतः आपली हकिकत विस्ताराने सांगतो. लेखिकेची लहान मुलगी 1972 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली होती, आणि कादंबरीतली कधीच मोठी न होणारी व्हँपायर-मुलगी क्लॉडिया वाचताना ते मनातून जात नाही. स्टेफनी मायर यांची 2005 सालची 'ट्वायलाइट' तर मुली मागणारच. तिच्यावर नाके मुरडणाऱ्यांत मीही आहे, पण वाचनालयात ती ठेवावीच, कारण तिच्यामागोमाग 'ड्रॅक्युला' मागायला येणारे वाचक मी पाहिले आहेत.

विज्ञानाकडे ओढा असलेल्यांना रिचर्ड मॅथेसन यांची 1954 सालची 'आय ॲम लेजंड' द्यावी. तेथे व्हँपायर होणे हा जंतूंमुळे पसरलेला रोग आहे आणि शहरात एकटा उरलेला माणूस त्याचे कारण शोधत बसतो. इतिहास आणि जुन्या कागदपत्रांच्या शौकिनांसाठी एलिझाबेथ कॉस्तोव्हा यांची 'द हिस्टोरियन' आहे. ती लांबलचक आहे, पण तिच्यात ग्रंथालयांना जे स्थान आहे ते पाहून देवघेव सांभाळणाऱ्या कोणालाही मनातल्या मनात गुदगुल्या होतील. याहून अधिक सांगितले तर रहस्यभंग होईल.

---

रावपुऱ्याची वाचक

वरची यादी उत्तम आहे, पण आरंभ 'ड्रॅक्युला'पासून करण्याला माझा विरोध आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीलाही एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी जड जाते, आणि त्यातली व्हिटबी या इंग्लंडमधल्या बंदरगावच्या म्हाताऱ्या खलाशाची बोली तर मला आजही अडखळत वाचावी लागते. मी स्टीफन किंग यांच्या 1975 सालच्या 'सेलम्स लॉट'पासून आरंभ केला असता. लहानशा गावातले एकेक घर काळोखात जाते आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याची खबर नसते, ही कल्पना वाड्या-पोळांत वाढलेल्या आपल्या माणसाला लगेच भिडते.

याच कादंबरीवर धारपांची 'लुचाई' बेतलेली आहे आणि आपल्या कपाटात धारप असतील तर ती बहुधा तेथेच असेल. ती पुढे काढून ठेवावी. मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून इंग्रजीकडे वळलेल्या मुलींना दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ द्यावीत. कथा ओळखीची असली की लिपीची भीती कमी होते असा आमच्या घरातला अनुभव आहे. धारपांच्या 'समर्थ' मालिकेत अघोरी शक्तींशी झुंजणारा जाणता पुरुष आहे, म्हणून ज्यांना शेवटी आधार हवा असतो त्यांना ती आवडते. मतकरींच्या 'खेकडा' किंवा 'निजधाम'मधल्या कथांत असा आधार मिळेलच याची खात्री नसते. तेथील भय माणसाच्या मनातच असते. धारप संपले म्हणून मतकरी हातात देण्यापूर्वी एवढे सांगून ठेवलेले बरे.

कोणी वेताळाच्या कथा मागितल्या तर त्यांना व्हँपायरच्या कपाटाकडे पाठवू नये. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तला वेताळ प्रेतात वस्ती करतो, राजाला कोडी घालतो आणि शेवटी त्याचा जीवही वाचवतो. त्या वाचकाला बुद्धीचा खेळ हवा असतो, रक्त नव्हे.

आणखी एक सूचना वडोदरेकर म्हणून. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी बहुतेकांना गुजराती अस्खलित वाचता येते. मग गुजराती कादंबरीकार अश्विनी भट्ट यांना का विसरायचे? त्यांच्या 'ओथार' आणि 'आशका मांडल' या कादंबऱ्यांत शिरवळकरांच्या वाचकाला हवा तो वेग आहे आणि प्रदेशाचे वर्णन त्याहून दाट आहे. मॅक्लीन यांच्या कादंबऱ्या त्यांनी गुजरातीत आणल्या होत्या, हे त्यांच्या स्वतःच्या कथांच्या बांधणीतही जाणवते. मराठी वाचनालयात गुजराती पुस्तक ठेवण्याविषयी कोणाचे मत काहीही असो, अर्नाळकर पाठ झालेल्या माणसाला नवे पुस्तक मिळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

---

देवघेव-खिडकी, वडोदरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'लुचाई' खरोखरच आमच्या कपाटात निघाली, बांधणी सुटलेली होती ती दुरुस्तीला दिली आहे. अमर विश्वासच्या चाहत्या काकांना आपण सुचवलेला प्रश्न विचारला, तर ते खुनाविषयी अवाक्षरही न काढता न्यायालयातील उलटतपासणीविषयीच बोलत राहिले. त्यांना काय द्यावे?

दुसरे असे की मागणी करणाऱ्या मुलींपैकी काही अजून शाळेत आहेत. एका सभासदांनी आपल्या नववीतल्या मुलीसाठी व्हँपायरचे पुस्तक हवे म्हणून सांगितले आहे. वरच्या यादीतले कोणते पुस्तक तिच्या हाती देऊ नये, हे कृपया सांगावे.

---

निवृत्त ग्रंथपाल

उलटतपासणीवर जीव असलेल्या काकांना जॉन ग्रिशॅम यांच्या न्यायालयीन कादंबऱ्यांच्या अनुवादांकडे वळवावे. पहिली 'अ टाइम टु किल' फार हिंसक प्रसंगाने सुरू होते, म्हणून ती आधी न देता 'द रेनमेकर' द्यावी. नुकत्याच वकील झालेल्या तरुणाने एका विमा कंपनीविरुद्ध चालवलेला खटला तिच्यात आहे, आणि साक्षीदारांची तपासणी मनसोक्त आहे. ख्रिस्ती यांची 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' ही कथाही ठेवावी. ती छोटी आहे आणि सारी कथा साक्षीवरच फिरते.

नववीतल्या मुलीसाठी 'ट्वायलाइट'चा पहिला भाग निर्धास्त द्यावा. त्या मालिकेचा चौथा भाग, 2008 सालचा 'ब्रेकिंग डॉन', विवाह आणि अत्यंत रक्तरंजित बाळंतपण यांमुळे थोड्या मोठ्या वयासाठी आहे, हे तिच्या पालकांना आधी सांगून ठेवावे. राइस यांची कादंबरी आणि 'सेलम्स लॉट' प्रौढांसाठी समजाव्यात. योन अय्विदे लिंडक्विस्ट यांची 'लेट द राइट वन इन' ही स्वीडिश कादंबरी वर कोणी सुचवलेली नाही, परंतु ती मुख्य पात्रे बारा वर्षांची असल्याचे पाहून मुलांच्या कपाटात गेल्याचे मी पाहिले आहे. ती फार चांगली कादंबरी आहे, मात्र तिच्यात मुलांच्या लैंगिक शोषणाचे संदर्भ आहेत. घेतलीत तर प्रौढांच्या विभागातच ठेवावी.

'ड्रॅक्युला' आधी की 'सेलम्स लॉट' आधी या वादात मी पडणार नाही. रक्कम थोडी असल्यामुळे एवढेच सुचवतो की स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांच्या स्वस्त, पण पूर्ण आवृत्त्या घ्याव्यात; मुखपृष्ठावर संक्षिप्त असे छापलेले नसले तरी पानांची संख्या पाहून घ्यावी, दीडशे पानांचा 'ड्रॅक्युला' हा पूर्ण असूच शकत नाही. त्यातून वाचलेल्या पैशांत किंग, राइस आणि हिगाशिनो बसतील. 'ट्वायलाइट'च्या पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात आणि पुढच्या भागांची एकेकच, कारण पहिल्या भागाला रांग लागते आणि चौथ्यापर्यंत निम्म्याच मुली पोहोचतात.